ओठ तीन चौकटी मागे

जरा पुढे सरकून बसा. मागे राहिलात तर अर्धंच ऐकू येईल, आणि अर्ध्यावर भागवून घेणाऱ्या भल्या माणसांचीच ही गोष्ट आहे. हातातलं खाली ठेवा, खोकायचं असेल ते आत्ताच खोकून घ्या. एका गाणाऱ्या माणसाचे ओठ त्याच्याच आवाजाच्या मागे पडले, आणि एका बाईने मायेने, कसबाने ते पुन्हा जागेवर आणून बसवले. त्यातून काय झालं ते सांगायचं आहे.

स्कॉटलंडमधल्या लुईस बेटाच्या पश्चिम कडेला, जिथे रस्ता संपतो, त्या गावच्या ख्रिस्ती देवळात वाद्य म्हणून नाही. गळा हेच काय ते वाद्य. पुढच्या लाकडी कठड्यात बसून एक जण स्तोत्राची ओळ देतो आणि मंडळी ती उचलते. उचलते म्हणजे कवायतीसारखी एका ठोक्यात नव्हे. ज्याचा त्याचा श्वास, ज्याची त्याची हरकत; कुणी आधी पोचतो, कुणी मागून, आणि सगळं मिळून एक मोठी लाट फुटते. कीर्तनात बुवांनी टाकलेला चरण ज्यांनी कधी मागच्या रांगेतून झेलला असेल, त्यांना ते सुख वेगळं सांगायला नको. फरक एकच. इथे गाताना कुणी मान वर करत नाही. नजर पुस्तकात, नाहीतर डोळे मिटलेले. ओळ देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं म्हणजे देवाला सोडून माणसाकडे बघणं, असं तिथल्या आयांनी पोरांना पिढ्यान् पिढ्या सांगितलेलं.

एकतीस वर्षं ती ओळ फिनले देत होता. चौऱ्याहत्तरीचा, विधुर, उभ्या अंगाचा माणूस. पावसाने भिजलेल्या लोकरीसारखा जड, ऊबदार आवाज. त्याने पहिला सूर लावला की मागच्या बाकावरची बाळंसुद्धा चिडीचूप होत.

त्या देवळात गाताना मान वर करायची मुभा एकाच बाईला होती. ती डोलिना. बेटावरच्याच स्टॉर्नोवे शहरातल्या प्रसारण केंद्रात तिची सव्वीस वर्षं गेली, आणि काम एकच: चित्राला आवाज जोडणं. निवृत्त झाल्यावर तिने देवळाची उपासना टिपायला घेतली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, आणि पलीकडे मुख्य भूमीवर नोकरीला गेलेल्या पोरांसाठी. वर सज्जात दोन कॅमेरे. एक सगळ्या मंडळीवर, एक पुढच्या चेहऱ्यांवर. आवाज मात्र वेगळ्या यंत्रात, पाळकसाहेबांच्या आणि फिनलेच्या पुढ्यातल्या माइकवरून. आता कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, आवाजाच्या यंत्राचं वेगळं. दोन घड्याळं कधी एका चालीने चालली आहेत? दोन तासांत अर्ध्या सेकंदाची फट पडतेच. सिनेमावाले त्यासाठी सुरुवातीला फळी आपटतात. देवाच्या घरात फळी कोण आपटणार? म्हणून डोलिनाने आपल्या खुणा ठरवल्या होत्या. सुरुवातीला तिचा नवरा एवन, तो मंडळीच्या पंचांपैकी एक, मोठं बायबल आणून मंचावर ठेवी, त्याचा धप्प आवाज. शेवटी दाराचा अडसर निघे, त्याचा खट्ट. हे दोन आवाज चित्राशी जुळवले आणि मधला आवाज हवा तेवढा ताणला, की सगळं जागच्या जागी. सोमवारी बसायची, मंगळवारी दुपारी ते घरोघर पोचलेलं असायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी धप्प जुळला, खट्ट जुळला, पाळकसाहेबांचं सबंध प्रवचन ओठाला ओठ लावून जुळलं. फिनले जुळेना.

आवाज आधी येत होता. ओठ तीन चौकटी मागे. चित्राच्या एका सेकंदाला पंचवीस चौकटी, त्यातल्या तीन; पापणी लवायच्या आतलं अंतर. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. डोलिनाला ते घासात खडा लागावा तसं लागलं. तिने तारा तपासल्या, खुणा पुन्हा लावल्या, सगळं पुसून पहिल्यापासून जोडलं. एकाच दोरीवर वाळत घातलेले दोन सदरे, एक कोरडा आणि एक ओला, असं कसं होईल? पण झालं होतं खरं. शेवटी तिने फिनलेचा तुकडा वेगळा कापला, त्याचा आवाज तीन चौकटी मागे सरकवला, आणि फिनले पुन्हा पूर्वीचा फिनले दिसू लागला.

"झालं?" एवनने दारातून विचारलं.

"झालं. माइक जुना झालाय बहुतेक."

"माइक एकोणीसशे नव्वदचा आहे. मी त्याहून जुना आहे. मला नाही कुणी मागे सरकवत."

"तुला पुढे सरकवायला लागतं," डोलिना म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या आठवड्यात चार चौकटी. तिसऱ्यात सहा.

त्या शुक्रवारी ती गावच्या दुकानात गेली तेव्हा फिनले रांगेत पुढेच उभा होता. त्याच्यामागे केनेथिना, एक्याऐंशी वर्षांची विधवा. दर रविवारी संध्याकाळी फिनले तिला आणि आणखी दोन म्हाताऱ्यांना आपल्या लाल गाडीतून देवळात नेई.

"फिनले, बरे आहात ना?" डोलिनाने सहज विचारलं.

"मी बरा आहे. दात बरे नाहीत." जानेवारीत त्याने नवी कवळी बसवून घेतली होती. "त्या दंतवैद्याने दुसऱ्याच कुणाचे तरी बसवलेत. एडिनबर्गच्या एखाद्या वकिलाचे असणार. त्यांना गेलिक येत नाही."

"वकिलाचे असते तर पटापट बोलले असते," केनेथिना मागून म्हणाली. "तुमचे तर शब्दाशब्दाला थांबतात. फी लावतायत वाटतं."

सगळं दुकान हसलं. फिनलेही हसला. हसता हसता त्याच्या डाव्या हातातली दुधाची बाटली सुटली आणि घरंगळत डोलिनाच्या पायाशी आली. डोलिनाने ती उचलून त्याच्या उजव्या हातात दिली. तीही हसतच होती.

फिनले गेल्यावर तिने केनेथिनाला गंमत म्हणून सांगितलं, "मावशी, तुमच्या त्या वकिलाने माझं काम वाढवून ठेवलंय. ओठ मागे पडतात. आवाज आधी येतो."

केनेथिनाचं हसू ओसरलं. "आवाज आधी येतो म्हणालीस?"

"थोडासाच."

"माझा आजा सुतार होता. कुणाच्या शवपेटीचं काम यायचं असलं की आदल्या दिवशी त्याच्या कारखान्यातल्या फळ्या आपसूक वाजायच्या. आवाज आधी यायचा. माणूस मागून."

"मावशी, हे यंत्र आहे. फळ्या नाहीत."

"फळ्यांनाही तेव्हा कुणी माणूस म्हणत नव्हतं," केनेथिना म्हणाली आणि पाव पिशवीत टाकून चालती झाली.

डोलिनाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. देवावर ज्याचा भरवसा त्याने फळ्यांचं काय ऐकायचं? तरी पुढच्या सोमवारी कानाला हेडफोन लावताना तिचा हात क्षणभर अडला, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं.

चौथ्या आठवड्यात सरकवूनही जमेना. एका शब्दावर ओठ बसवले की पुढच्या शब्दावर निसटत. ओठ मिटायचे त्या अक्षरांना ते पुरते मिटतच नव्हते. डोलिनाने दिवसभर मान मोडून काम केलं. मग तिने सव्वीस वर्षांच्या नोकरीतली साधी युक्ती वापरली: जुळत नाही तिथे दुसरं चित्र लावायचं. फिनलेचा आवाज तसाच ठेवला आणि त्यावर देवळाची पश्चिमेची खिडकी लावली. काचेपलीकडे करडा समुद्र. सुंदर दिसलं. दोन घरांतून फोनही आले, या खेपेचं चित्रीकरण फार छान म्हणून.

पाचव्या आठवड्यात तिने फिनलेचा तुकडा उघडूनसुद्धा पाहिला नाही. सरळ खिडकीच लावली.

त्या शनिवारी चारच्या सुमाराला ती रविवारचे बटाटे सोलत होती. रविवार म्हणजे शब्बाथ, देवाने दिलेला विश्रांतीचा दिवस; तेव्हा सुरीसुद्धा हातात धरायची नाही, म्हणून सगळं आदल्या दिवशी. फोन वाजला. पलीकडून फिनलेची मुलगी शोनाग. इन्व्हरनेसच्या इस्पितळात ती नर्स होती.

"डोलिनामावशी, रागावू नका, पण एक विचारू? बाबांचा चेहरा का दाखवत नाही हल्ली?"

"अगं, खिडकी लावली. छान दिसते म्हणून."

"दोन आठवडे झाले. बाबांनी ओळ धरली की तुम्ही समुद्र दाखवता. समुद्र मला पाठ आहे, मावशी. मी त्याच्याच काठी वाढले."

डोलिनाने सुरी खाली ठेवली. "त्यांचे ओठ जुळत नाहीत गं. वाईट दिसतं. आधी थोडंच होतं, ते मी सरकवून बसवलं. आता बसत नाही."

"आधी म्हणजे कधीपासून?"

"पाच आठवडे झाले."

पलीकडे इस्पितळात कुठेतरी ढकलत नेलेल्या गाडीची चाकं वाजली.

"फोनवरही मला त्यांचं बोलणं जड वाटतं," शोनाग म्हणाली. "विचारलं की दातांवर ढकलतात."

"दातच गं. सगळ्या दुकानाला तेच सांगत फिरतात."

"असेल. तरी मला न कापलेलं पाठवाल? पाचही आठवड्यांचं. आहे तसं."

डोलिनाला ते लागलं. "कच्चं काम मी कधी कुणाला दाखवलेलं नाही, शोनाग."

"मला काम नाही बघायचं, मावशी. बाबांना बघायचं आहे."

पाचच्या ठोक्याला डोलिनाने पाठवायला लावलं. त्या गावात नेट म्हणजे सुतळीची धार. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. जेवणं झाली, भांडी झाली, एवनने रविवारचे बूट पुसून ठेवले. रात्री दहाला त्या घरात शनिवार संपायचा. डोलिनाच्या सासूच्या काळी दहाला हातमाग थांबे, आता संगणक. तिने पाहिलं, पट्टी एकाहत्तर टक्क्यांवर होती.

"राहू दे की चालू," एवन म्हणाला. पंच असून म्हणाला. "आपोआप जातंय. तुझा हात कुठे लागतोय त्याला?"

"उपासना टिपणं ही चाकरी, हे काम. यंत्र माझं आहे. ते राबलं म्हणजे मीच राबले."

"बाहेर नदी वाहतेय, तीही थांबवून ये मग."

"नदी देवाची आहे," डोलिना म्हणाली, आणि तिने बटण दाबलं. पाठवणं मध्येच तुटलं की सगळंच वाया जाई, पुन्हा पहिल्यापासून. शोनागला तिने दोन शब्द लिहिले: सोमवारी सकाळी पाठवते.

रविवारी दुपारी बाराची उपासना. डोलिना नेहमीसारखी वर सज्जात, कानाला हेडफोन, डोळ्यांपुढे कॅमेऱ्याचा छोटा पडदा. एवनने बायबल ठेवलं, धप्प. फिनले कठड्यात बसला. घसा साफ केला, सूर लावला.

आवाज आला. ओठ मागून आले.

डोलिनाला वाटलं, कॅमेऱ्याचा पडदाच मागे पडतोय. तिने पडद्यावरची नजर उचलली आणि हेडफोन काढून गळ्यात टाकला. आता मधे काहीच नव्हतं. तार नव्हती, यंत्र नव्हतं, दोन घड्याळं नव्हती. तिचे कान, तिचे डोळे, आणि खाली वीस पावलांवर बसलेला फिनले.

तरी जुळेना.

पाच आठवडे तिने जे दुरुस्त केलं होतं ते तारेत नव्हतंच. ते त्या माणसात होतं.

खाली मंडळी गात होती. दोनशे माना पुस्तकात. एकही वर नाही. फिनले ओळ पुरी देत नव्हता, आणि मंडळीला ती पाठ होती, म्हणून तो अर्ध्यावर आला की मंडळी उरलेली उचलत होती. एरवीही ती थोडी आधी, थोडी मागे अशीच गाते. त्यात कुणाच्या काय लक्षात येणार? हाताखाली हात धरून एखाद्या म्हाताऱ्याला पायऱ्या चढवाव्या तशी ती त्याला स्तोत्रातून वर नेत होती, आणि आपण उचलतोय हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. लाट त्याच्यावरून गेली की ऐकणाऱ्याला वाटे, आज फिनलेने काय रंगवलं.

उपासना संपल्यावर डोलिना जिन्यावरून धावत उतरली. तोवर लाल गाडी निघून गेली होती.

घरी थंड मांस, कालचे बटाटे. डोलिनाने ताट तसंच सारलं; दातांचंच असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. एवन आरामखुर्चीत पुस्तक उघडून बसला. तीन वाजले, साडेतीन वाजले. चार वाजता ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिने संगणक सुरू केला.

एवन दारात येऊन उभा राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात रविवारी ते यंत्र कधी गुणगुणलं नव्हतं. तो वळला. स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून आणली आणि तिच्या शेजारी बसला.

तिने कापलेलं सगळं बाजूला सारलं. खिडकी काढली, सरकवलेलं पूर्ववत केलं. पाच रविवारचा फिनले, जसा होता तसा, एकामागून एक लावला. तोच कठडा, तोच काळा कोट, तोच प्रकाश. एका आठवड्याला जे दिसत नव्हतं ते पाच शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं. ओठांचा डावा कोपरा खाली उतरत होता. तिसऱ्या रविवारी तो जागेवर यायला उशीर लावत होता. पाचव्या रविवारी तो आलाच नाही. पान उलटायला उजवाच हात येत होता. डावा कठड्यावर पडलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

"एवन, कवळी दोन्हीकडे बसवतात ना?"

"दोन्हीकडे."

"मग उजवी बाजू नीट कशी बोलते?"

एवनने पडद्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग उठला. "जीव वाचवायचं काम शब्बाथालाही चालतं. शोनागला फोन लाव."

शोनागने पहिल्याच घंटीला उचलला. रविवारी गावाकडून फोन आला की त्याचा अर्थ बेटाबाहेर राहणाऱ्या प्रत्येक लेकराला कळतो.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही," डोलिना म्हणाली. "अजून."

जे पाहिलं ते तिने भराभरा सांगितलं. डावा ओठ, डावा हात, सुटलेली बाटली. मग शोनागचा आवाज आला तो मुलीचा नव्हता, नर्सचा होता.

"आधी रुग्णवाहिका बोलवा. कारण सांगा, मेंदूचा झटका. मग बाबांकडे जा. गाडीला हात लावू देऊ नका त्यांना."

एवनने रुग्णवाहिका बोलावली, तोवर डोलिनाने फिनलेच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. तिथे शब्बाथाला फोन कोण उचलतो? तिने घड्याळ पाहिलं. पाच वाजून वीस मिनिटं. सहाची उपासना. पाचलाच फिनले म्हाताऱ्यांना घ्यायला निघायचा.

एकपदरी रस्ता, दोन्हीकडे दलदल, पश्चिमेला सूर्य ढगाखालून तिरका आलेला. एवन गाडी हाकत होता, डोलिना पुढच्या काचेला चिकटून बघत होती. देवळापासून मैलभर अलीकडे लाल गाडी दिसली. रस्ता सोडून डावीकडे थोडी कललेली, डावी चाकं चरात. इंजीन चालू होतं. मागच्या काचेतून दोन रविवारच्या टोप्या दिसत होत्या, अगदी स्थिर.

डोलिनाने दार उघडलं. पुढे, फिनलेच्या शेजारी, केनेथिना मांडीवर हात जोडून बसली होती. तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू. तो सूर शोधतोय."

"काय?"

"वाटेत दर खेपेला संध्याकाळची ओळ म्हणून बघतो ना तो. अर्धी दिली, मग गाडी कडेला घेतली. समोरून कुणी येत असेल म्हटलं. उरलेली अर्धी आम्ही म्हटली." केनेथिनाने मागे वळून दोघींकडे पाहिलं, त्यांनी माना डोलवल्या. "आता पुढची द्यायची वाट बघतोय."

"किती वेळ झाला, मावशी?"

केनेथिनाने तिच्याकडे पाहिलं, मग फिनलेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बहुधा, ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिचे जोडलेले हात सुटले.

"बराच," ती म्हणाली.

फिनले स्टिअरिंगवर हात ठेवून ताठ बसला होता. डोळे उघडे होते. त्याने डोलिनाकडे पाहिलं, ओळखून पाहिलं. त्याच्या ओठांचा उजवा भाग हलला. त्याला काहीतरी द्यायचं होतं, ते डोलिनाला स्पष्ट दिसलं. सव्वीस वर्षं तिने माणसांचे ओठ वाचले होते. पण या खेपेला ओठ आधी आले होते, आणि मागून आवाज आलाच नाही.

रुग्णवाहिका आली, मग स्टॉर्नोवेहून हेलिकॉप्टर. त्यातून फिनलेला समुद्रापलीकडे इन्व्हरनेसला नेलं, जिथे त्याची मुलगी दारात उभी होती. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही. छोटे छोटे झटके आधी येऊन गेले असणार, पाच-सहा आठवड्यांत. ते कुणी ओळखले असते तर औषध होतं. अकराव्या दिवशी फिनले गेला. त्या अकरा दिवसांत तो एक शब्द बोलला नाही.

अंत्ययात्रेला सगळं गाव होतं. खांदे बदलत बदलत त्याला समुद्राकाठच्या दफनभूमीत नेलं. परतताना डोलिना शोनागजवळ गेली. तिने पाचही रविवार, न कापलेले, पेनड्राइव्हवर भरून, एका छोट्या डबीत घालून आणले होते. ती डबी तिने शोनागच्या हातात ठेवली.

शोनागने डबी मुठीत धरली. आवाज चढवला नाही, हात झिडकारला नाही. वाऱ्याकडे पाठ करून ती एवढंच म्हणाली, "मावशी, शनिवारी रात्री ते पोचलं असतं, तर रविवारी सकाळी मी..."

आणि तिथेच थांबली.

आजूबाजूला केनेथिना होती, एवन होता, पाळकसाहेब होते, निम्मं गाव होतं. अर्धी ओळ मिळाली की उरलेली उचलायची, हे ज्यांच्या रक्तात, अशी सगळी माणसं. ती ओळ कुणी उचलली नाही.

डोलिना अजूनही सज्जात बसते. काम सोडलं तर अंथरुणाला खिळलेल्या माणसांनी काय करायचं? पण आता काही जुळलं नाही तर ती यंत्राला हात लावण्याआधी उठते, खाली जाते आणि त्या माणसाच्या दारात उभी राहते. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे. आणि शनिवारी दहा वाजता ती संगणक बंद करत नाही. खोलीचं दार तेवढं लावून घेते.

तुमच्याकडे एक मागणं आहे, मोठं नाही. पुढच्या वेळी कुठे भजनाला बसलात, डोळे मिटलेत, सूर लागला, पुढच्याने टाकलेला चरण झेलायला तोंड उघडलंत, की तेवढ्यात एकदा डोळे उघडा आणि त्या पुढच्याकडे बघा. नीट, दोन्ही बाजूंनी बघा. आणि बघताना फिनलेला आठवा, ज्याने एकतीस वर्षं पुरी ओळ दिली आणि शेवटची अर्धी.